फुग्याखालची खिडकी

आभाळ्या उडत उडत चित्रकथेच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून बाहेर गेला, पाय तेवढे मागे राहिले, आणि पायांखाली जी इमारत होती तिच्यात एक खिडकी उजळलेली होती. खिडकीत एक पाठ. वाकलेली, एक कोपर जरा बाहेर आलेलं, मान किंचित कलती. एवढंच. नखावर मावेल एवढं चित्र. मी चहाचा कप बशीत ठेवायला गेलो तर बशी चुकली, कप टेबलाच्या काठावर टेकला आणि तिथेच तोल सांभाळत राहिला, आणि मीही तसाच राहिलो, कारण ही पाठ आजवर कधी छापली गेली नव्हती. आभाळ्याची इतकी वर्षं निघालेली पुस्तकं लोकांनी उशाखाली ठेवून वाचली, फाडून वाचली, एकमेकांपासून लपवून वाचली, पण ही खिडकी त्यांतल्या एकालाही दिसलेली नाही. ती पाहिलेली माणसं जगात दोनच. एक ज्याने काढली तो, आणि तो आता नाही. दुसरा मी, आणि माझं काम तर तिच्यावर कागद चिकटवायचं होतं.

गठ्ठा सकाळीच आला होता. वर्तमानपत्राच्या पुरवणीत मी नव्या चित्रकथांवर लिहितो. पुरवणी सांभाळणारी बाई माझ्या मुलीच्या वयाची. मी तिला ‘साहेब’ म्हणतो, ती मला ‘काका’ म्हणते, आणि दोघांनाही वाटतं की समोरचा आपली थट्टा करतो आहे. ती गठ्ठा पाठवते आणि वर चिठ्ठी लावते, ‘आज संध्याकाळपर्यंत, आणि कृपा करून या वेळी अक्षरांबद्दल कमी लिहा.’ या गठ्ठ्यात एक बाई होती, तिने श्वास रोखून धरला की काळ थांबतो. म्हणजे जग वाचवायला तिच्या हातात दर खेपेला एका श्वासाएवढीच जागा. मला ही कल्पना फार आवडली. पान उलटताना मीही श्वास धरत होतो, आणि पान संपायच्या आत सोडावा लागला की जरा अपराधी वाटत होतं. एक तरुण होता, त्याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही हीच त्याची शक्ती. तो चोरांच्या मधून चालत जातो, पहाऱ्यातून चालत जातो, आणि एका पानावर घरी येतो तर आई त्याला जेवायला वाढायला विसरते. तिथे चित्रकाराने आईचा चेहरा काढलेला नाही, नुसती मांडणीवर पालथी घातलेली ताटं काढली आहेत. तिसरा पोलादी छातीचा, त्याच्याविषयी सांगण्यासारखं छाती सोडून काही नाही. आणि सगळ्यांत खाली आभाळ्या. नवा आभाळ्या, नव्या चित्रकाराच्या हातचा. त्याला मी मुद्दामच खाली ठेवला होता. घरातलं माणूस परक्या घरी नांदायला गेलं की त्याचं काय चाललंय ते बघायची हौसही असते आणि धास्तीही.

आभाळ्या दाजींचा. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. त्यांच्या आभाळ्याला छाती नव्हती. काडीसारखे पाय, आणि पाठीवरचा झगा असा की दोरीवरून नुकतीच ओढून घेतलेली चादर वाटावी. तो उडायचा तेव्हा उडण्यात आनंद कमी आणि उशीर झाल्याची काळजी जास्त दिसायची. लोक हसायचे आणि जीव टाकायचे. दाजी चित्रं काढायचे आणि मी फुगे भरायचो. पात्रांच्या तोंडातून निघणारे बोलण्याचे फुगे. पांढरा कागद घ्यायचा, त्यावर बारक्या निबने वाक्यं लिहायची, कात्रीने गोल कापायचा, शेपटी ठेवायची, मागून डिंक लावायचा आणि चित्रावर बसवायचा. दाजी मला ‘आमचे फुगेवाले’ म्हणायचे. दारात कुणी आलं की, ‘या या, फुगे हवेत? लाल नाहीत, बोलके आहेत.’ मी मनातून सुखावायचो आणि वरून कपाळाला आठी घालायचो. वाक्य लिहिताना ते कापावं लागायचं; फुग्यात मावेल तेवढंच बोलायचं. मला त्याची सवय होती. आई दळता-कांडता, निवडता-टिपता जे गुणगुणायची त्यात एका दमात मावेल तेवढंच सुख आणि तेवढंच दुःख असायचं, पुढचं पुढच्या दमाला. मी आभाळ्याच्या तोंडीही तसंच घालायचो. एका दमाचं.

पण दाजींची एक खोड होती. फुगा कुठे येणार ते आधी ठरलेलं असायचं, तरी ते तिथली जागा रिकामी सोडत नसत. इमारत असेल तर पूर्ण इमारत, गच्चीपर्यंत, तिच्यावरच्या पाण्याच्या टाकीसकट. झाड असेल तर पानापानाचं. मग मी त्यावर कागद चिकटवणार आणि सगळं झाकून जाणार. सुरुवातीला माझा जीव तुटायचा. ‘दाजी, तेवढी जागा रिकामी सोडा ना. हात तरी वाचेल.’ ते म्हणायचे, ‘रिकामी सोडली की चित्राला कळतं. मग ते तुझ्या फुग्याची वाट बघत बसतं. तू लाव बिनधास्त.’ आणि असाच एकदा फुगा लावायला घेतला तेव्हा खाली ती खिडकी दिसली. आभाळ्या कोसळता पूल धरून उभा, माणसं पळताहेत, धूळ, आणि मागच्या इमारतीत शांतपणे एक पाठ, कामात वाकलेली. मी डिंकाची काडी हातात धरून विचारलं, ‘खिडकीत कोण बसवलंय हे?’ दाजी भिंतीकडेच तोंड करून म्हणाले, ‘ओळख.’ मी नीट पाहिलं. वाकलेली पाठ, कोपर, कलती मान. मला लगेच उमगलं. ‘ओळखलं,’ मी म्हटलं. तेव्हा मात्र ते मागे वळले, माझ्याकडे पाहून इतकं गोड हसले की मीच लाजलो, आणि म्हणाले, ‘बरं झालं. आता लाव कागद.’

ताई-दाजींच्या घरातली आमची कामाची खोली लांबट होती. दारातून आत आलं की आधी ताईची पाठ दिसायची, तिच्या पुढे माझी, आणि मग रस्त्यावरची खिडकी. बसमधल्या आसनांसारखे आम्ही बहीण-भाऊ एकामागे एक, दोघांची तोंडं उजेडाकडे. ताईचं शिवणाचं मशीन होतं. लोकांचे कपडे उसवून, आवळून, वाढवून द्यायची. दाजींचं कलतं टेबल बाजूच्या भिंतीला, आमच्याशी काटकोनात. त्यांना उजेड समोर नको असायचा. म्हणायचे, उजेड बघितला की रेघ आळशी होते. दिवसभर मशीनची घरघर, निबची कुरकुर, आणि मध्येच ताई स्वतःच जुळवलेलं काहीतरी गुणगुणायची,

सुई जाते पुढे पुढे, दोरा चालतो मागून,
फाटल्याची होते वाट, दोघं जाताती निघून.

बाहेरून मी कधी सामान घेऊन आलो की दारात क्षणभर थांबायचो, कारण ताईची ती वाकलेली पाठ बघायला मला आवडायचं. आमच्या वडिलांची पाठ तशीच होती. म्हणून चित्रातली पाठ दिसताच मला वाटलं, दुसरं कोण असणार. आणि मग वाटलं, आपण कुणाच्या तरी खोलीत न विचारता शिरलो आहोत. नवऱ्याने बायकोला चित्रात असं बसवावं, आणि तेही जिथे कुणाला दिसणार नाही तिथे, ही त्या दोघांतली गोष्ट. भावाने तिच्यावर कागद लावावा आणि गप्प राहावं. पुढे ती पाठ पुनःपुन्हा येत राहिली. आगीत, पुरात, परग्रहावरच्या शहरातसुद्धा, आणि दर वेळी फुग्याखाली. दर वेळी मी हलक्या हाताने कागद बसवला, जणू निजलेल्या माणसावर पांघरूण घालतोय. मग संगणक आले, फुगे त्यावर होऊ लागले, माझी कात्री गेली, मूळ पानं प्रकाशकाच्या गोदामात गेली आणि तिथून रद्दीत, असं आम्ही ऐकलं.

दाजी गेल्यावर दोनेक महिन्यांनी ताई त्यांच्या पेन्सिली एका डब्यात भरत होती. टोकं करून ठेवलेल्या, बिनटोकाच्या, दातांनी चावलेल्या, सगळ्या. भरता भरता ती म्हणाली, ‘ह्यांनी एवढी माणसं काढली रे. चोर काढले, शिपाई काढले, समोरचा न्हावी काढला, त्याचा कुत्रा काढला. मला कधी काढलं नाही.’ रडून बोलली असती तर मी काहीतरी म्हटलं असतं. पण ती असं म्हणाली, जसं कुणी म्हणावं की आज भाजी मिळाली नाही. माझ्या तोंडात शब्द आला होता. पण हातात काय होतं? पान नाही, चित्र नाही. एक म्हातारा भाऊ बहिणीची समजूत घालायला काहीही सांगेल, आणि तिला ते कळेल, आणि ती मानेल, माझं मन राखायला. तसलं मानलेलं मला नको होतं. मी पेन्सिली भरायला लागलो.

आणि आता ही छापलेली खिडकी माझ्यासमोर होती, आणि कप टेबलाच्या काठावर. मी कप आत घेतला आणि प्रकाशकाच्या कचेरीत फोन लावला. तिथून नंबर मिळाला. चित्रकार एक तरुण मुलगी निघाली. मी नाव सांगितलं, जुन्या आभाळ्याचं अक्षरकाम मी करायचो म्हणून सांगितलं, तर पलीकडे किंचाळीच उठली. ‘अय्या, तुम्ही? अहो, तुमचे शब्द माझ्याकडे आहेत!’

‘कसले शब्द?’

‘सगळे. पाकिटात भरून ठेवलेत. टाकवेनात. येता का? पंखा बंद करावा लागेल हं, नाहीतर उडतात.’

तिची खोली उंचावर होती. जिने चढता चढता मी थांबत होतो, दम घेत होतो, आणि दमापेक्षा उत्सुकतेनेच छाती धडधडते आहे हे स्वतःला कबूल करत नव्हतो. आत एक मोठा पडदा, त्यावर अर्धवट आभाळ्या, आणि पलंगभर पसरलेली जुनी पानं. दाजींची पानं. मी दारातच उभा राहिलो. त्यांची रेघ इतक्या वर्षांनी प्रत्यक्ष दिसत होती. छापलेली नव्हे, कागदात रुतलेली, जिथे हात थांबला तिथे जराशी जाड. मुलगी भरभर बोलत होती. प्रकाशकाचं गोदाम हलवताना हे गठ्ठे बाहेर पडले होते, तिने मागितले, त्यांनी ‘न्या बाई, ब्याद गेली’ म्हणून देऊन टाकले. घरी आणून पहिलं पान उचललं तर त्यावरचे फुगे गळून पडले. ‘पानगळ व्हावी तसे! मी घाबरले, म्हटलं मी काय मोडलं? मग कळलं, डिंक वाळलाय. आणि खाली बघते तर सगळं काढलेलं. कुणी असं करतं का? एवढं काम, झाकून टाकायला?’

तिने पाकीट माझ्या हातात दिलं. मी हात घालून मूठभर बाहेर काढले. माझंच अक्षर, तरुणपणचं, ताठ. ‘थांब!’ ‘कोण आहे तिकडे?’ ‘आई गं!’ ‘उशीर झाला, आभाळ्या.’ ‘मी इथेच आहे.’ कुणाच्या तोंडचं काय ते आता कळायला मार्ग नव्हता. तोंडं पलंगावर होती आणि बोलणं माझ्या मुठीत. मला हसू आलं. एवढे दिवस वाटत होतं की शब्द माझे आणि चित्रं त्यांची. आता सुटे झाल्यावर शब्द अगदीच पोरके दिसत होते, आणि चित्रांना त्यांच्यावाचून काही अडलेलं नव्हतं.

‘ही बघा,’ मुलगी म्हणाली, आणि एक पान पुढे केलं. पुलाचं पान. इमारतीवर जुन्या डिंकाचा तपकिरी गोल, फुग्याच्या आकाराचा, शेपटीसकट, आणि त्या गोलाच्या मधोमध ती खिडकी. ‘सगळ्या पानांवर नाहीये. पण जिथे आहे तिथे फुग्याखालीच. मला इतकी आवडली की मी माझ्यात घेतली. उघड्यावर घेतली. चालेल ना? आणि काका, एक विचारू? सरांचा दृष्टिकोन कुठ्ठे म्हणजे कुठ्ठे चुकत नाही. म्हणजे कुठून काय दिसेल ते. ही इमारत आपण रस्त्यावरून वर बघतोय, बरोबर? सगळ्या खिडक्या खालून दिसतात. ही एकच सरळ समोरून, जसं आपण मागे कुठेतरी बसलोय. चूकच आहे ही. मी पण तशीच चुकीची ठेवली. म्हटलं, असेल त्यांचं काहीतरी.’

मी पाहिलं. खरंच होतं. इतकी वर्षं तिच्यावर कागद लावला, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

‘कोण आहे ते?’ तिने विचारलं.

‘माझी बहीण,’ मी म्हटलं, आणि म्हणताना माझा आवाज उगाचच अभिमानाने भरला. ‘त्यांची बायको.’

‘अरे वा!’ ती पुन्हा खिडकीकडे बघू लागली. ‘त्यांना माहितेय?’

‘नाही.’

‘मग न्या ना हे पान! आत्ता न्या.’ तिने ते दोन पुठ्ठ्यांत घालून बांधूनही टाकलं. मी जिन्याशी पोचलो तेव्हा वरून ओरडली, ‘आणि परीक्षणात शिव्या घातल्यात तरी चालेल, पण ती छाती माझी नाही! म्हणजे आभाळ्याची! ती कचेरीने वाढवून घेतली!’

रस्त्याने चालताना पुठ्ठा छातीशी धरला होता. लोक आपापल्या कामाला निघाले होते, कुणी दुकानाची काच पुसत होता, कुणी शिडीवर चढून दिव्याचा खांब रंगवत होता, आणि प्रत्येक इमारतीत वरपर्यंत खिडक्या होत्या. मी त्यांच्याकडे कधी असं पाहिलं नव्हतं. त्या सगळ्या खालून दिसत होत्या, एकही समोरून नव्हती. आता एक किडा डोक्यात शिरला होता. ताई असेल तर मग ती खिडकी अशी चुकीची का? आणि दाजी चुकत नसत. न्हाव्याचा कुत्रा काढला तर तो कुठल्या पायाने लंगडतो ते कळायचं. मग पाठ कुणाची आहे? हा प्रश्न मला आजवर पडलाच नव्हता, कारण उत्तर आधी सापडलं होतं. समजा, ताईची नसेल. समजा, दुसऱ्या कुठल्या खिडकीत, दुसऱ्या कुठल्या खोलीत, दाजी कुणाच्या मागे बसून तिची पाठ बघत असतील. मी फुटपाथवर थांबलो. मागून येणारा माणूस ‘ओ, चला की’ म्हणत बाजूने गेला. म्हणजे मी आता बहिणीकडे निघालोय ते काय घेऊन? आयुष्यभर जे मिळालं नाही ते, की जे होतं तेही काढून घेणारं? परत फिरायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षाही मला जाणून घ्यायचं होतं. कुतूहल ही फार निर्लज्ज गोष्ट आहे. ते माणसाला हाताला धरून नेतं आणि दारात उभं करून आपण मागे लपतं.

ताईने दार उघडलं. ‘आज कसा वाट चुकलास? आणि हे काय, जावयासारखं हातात पुठ्ठा घेऊन?’

‘बस आधी,’ मी म्हटलं.

‘मी बसलेच होते, तू उठवलंस.’

खोली तशीच होती. दाजींचं टेबल भिंतीला, त्यावर आता औषधं आणि वर्तमानपत्रं. माझं टेबल खिडकीशी, त्यावर रोपांच्या कुंड्या. मशीनवर कापड झाकलेलं. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून ती क्वचितच शिवते. मी पुठ्ठा सोडला, पान काढलं, बोट लावलं. ‘हे बघ. दाजींनी काढलंय. फुग्याखाली असायचं. मी कागद लावायचो त्यावर.’ पुढचं मी बोललो नाही. तिने चष्मा बदलला, पान खिडकीजवळ नेलं, उजेडात धरलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. आधी नुसतं बारकाईने बघणं होतं, सुईत दोरा ओवताना असतं तसं. मग भुवया वर गेल्या. मग ती हसली. खुदकन, लहानपणी हसायची तशी.

‘अरे, हा तू!’

‘मी?’

‘मग कोण? हा तूच की.’

‘ताई, ती तू आहेस. मशीनवर वाकलेली. नीट बघ.’

‘मी नीटच बघतेय. अरे वेड्या, कान बघ कान. लिहिताना तू जीभ गालात धरतोस, आणि मग तुझा हा एक कान वर सरकतो. शाळेत असल्यापासून. आई मला खुणावून दाखवायची, बघ बघ, कान चढला, आता ह्याला हाक मारू नको. हा बघ चढलेला.’

मी पाहिलं. एका रेघेचा कान. दुसऱ्यापेक्षा केसभर वर. मी तो कान पाहिला नव्हता असं नाही, पण स्वतःचा कान मागून कुणाला ओळखता येतो? माझा हात आपसूक कानाकडे गेला. जीभ तोंडात जागच्या जागी होती, तरी उगाच तपासली. ताई हसतच होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ‘म्हणजे एवढी वर्षं तू स्वतःच्याच पाठीवर कागद डकवत बसलास? आणि तुला पत्ता नाही? ह्यांना सांगायला हवं होतं रे, पोट धरून हसले असते.’

‘त्यांना वाटायचं मला ठाऊक आहे,’ मी म्हटलं. ‘मी ओळखलं म्हणून सांगितलं होतं.’ ते गोड हसणं आता मला नीट दिसलं. दाजींनी मला त्यांच्या शहरात घर दिलं होतं. आगीत, पुरात, परग्रहावर, सगळीकडे मला एका खिडकीत कामाला बसवलं होतं आणि ते मला कळलंय असं समजून ते गेले. मी दर वेळी ‘लावू ना?’ असं विचारायचो, आणि ते ‘लाव, लाव’ म्हणताना गालात हसायचे. ती थट्टा आम्हा दोघांची होती. एकट्याने केली त्यांनी, पण दोघांची.

आणि मग मला ताईची आठवण झाली, समोर बसलेल्या ताईची. ती हसायची थांबली होती. पान मांडीवर होतं. ‘म्हणजे तू मला दाखवायला आणलंस ते,’ ती म्हणाली, ‘तुला वाटलं मी आहे म्हणून.’ मी मान हलवली. ‘बरं,’ ती म्हणाली. ‘चांगलं केलंस.’ पुन्हा तोच आवाज, भाजी न मिळाल्याचा. तिने पान पुठ्ठ्यात ठेवायला उचललं. मला वाटलं, आपण आलो नसतो तर बरं झालं असतं. उगाच जुनी शिवण उसवली आणि आत घालायला कापड आणलं नाही. बोलायला म्हणून मी काहीतरी बोललो. म्हटलं, ‘ती चित्रकार मुलगी म्हणते ही खिडकी चुकलीय. इमारत खालून, आणि ही एकटी समोरून. कुणीतरी मागे बसून बघावं तशी.’

ताईचा हात थांबला. तिने पान परत बाहेर काढलं. खिडकीतल्या पाठीकडे पाहिलं, मग खोलीतल्या खिडकीकडे, मग पुन्हा पानाकडे. ती उठली, मशीनवरचं कापड काढलं, आणि मागच्या तिच्या बुटक्या स्टुलावर जाऊन बसली. ‘जा,’ मला म्हणाली. ‘कुंड्या बाजूला कर आणि बस तुझ्या जागेवर.’

‘कशाला?’

‘बस म्हटलं ना.’

मी कुंड्या सरकवल्या आणि बसलो. समोर रस्ता, उजेड. मागून तिचा आवाज आला, स्वतःशीच बोलल्यासारखा. ‘त्यांच्या टेबलावरून तुझा गाल दिसायचा. फार तर नाक. पाठ नाही. पाठ इथूनच. खिडकीची चौकट आणि मध्ये तू.’ मग, ‘मी आत चहा टाकायला गेले की ते इथे येऊन बसायचे. ह्या स्टुलावर. एवढा उंच माणूस, गुडघे हनुवटीला लागायचे. मी म्हणायचे, उठा, माझी जागा आहे. म्हणायचे, बसू दे गं घटकाभर, तुला काय दिसतं दिवसभर ते बघतोय.’

मी वळायला लागलो. ‘वळू नकोस,’ ती म्हणाली.

तेव्हा मला कळलं की इमारत बाहेरून होती, सगळं शहर बाहेरून होतं, आभाळ्याच्या उंचीवरून आणि पळणाऱ्यांच्या पायांतून बघितलेलं, आणि त्यात ती एकच खिडकी आतून होती, ताईच्या जागेवरून. कळलं म्हणजे काय, नक्की काय कळलं ते मला अजूनही एका दमात सांगता यायचं नाही. ताईला सांगायला हवं असं वाटलं, आणि तिला ते माझ्याआधी कळलंय हेही वाटलं.

‘मला परीक्षण द्यायचंय,’ मी शेवटी म्हटलं. ‘संध्याकाळपर्यंत.’

‘मग लिही की. कागद आहे, पेन आहे. कुणी धरलंय तुला?’

मी कागद ओढला. श्वास धरणाऱ्या बाईपासून सुरुवात करावी की आभाळ्यापासून, ते ठरेना. त्या मुलीची रेघ अजून कच्ची आहे, छाती तिची नाही, पण जे चुकीचं दिसत होतं ते तिने सरळ केलं नाही. असं काहीतरी लिहायचं होतं. पहिला शब्द लिहिला. खोडला. दुसरा लिहिला. बाहेरून उजेड कागदावर पडत होता आणि मागे काहीच आवाज नव्हता. मशीन नाही, गुणगुणणं नाही. ताई पानाकडे बघते आहे की माझ्याकडे? मानेवर ऊन पडावं तसं काहीतरी पडलं होतं, आणि ऊन तर समोर होतं. दोन-तीन ओळी कशाबशा झाल्या. जीभ गालात गेली होती ते मला कळलं, पण काढली नाही.

‘ताई,’ मी तसाच म्हटलं, ‘काय बघतेयस?’

‘तू लिही,’ ती हळूच म्हणाली. ‘हललास की दिसत नाही.’